वजन कमी करून देणारं क्लिनिक निवडताय? पैसे भरण्याआधी हे तपासा

२०२२ च्या दिवाळीनंतर मी वजन कमी करायला पहिल्यांदा एका खाजगी क्लिनिकची पायरी चढले. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, जिने उतरताना गुडघे बोलायला लागलेले. काउन्सेलर मॅडम पाऊण तास इतक्या आपुलकीने बोलल्या की बेचाळीस हजारांचं पॅकेज घेऊनच मी बाहेर पडले. डॉक्टर भेटले जेमतेम चार मिनिटं. हातात मिळाल्या कागदाच्या पुडीत बांधलेल्या हिरव्या कॅप्सूल. पुडीवर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. "हर्बल आहे, निर्धास्त घ्या."

वजन भराभर उतरलं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता छातीतल्या धडधडीने जाग आली. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी मोजली, ११८ निघाली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय घेताय?" आणि मला उत्तर देता आलं नाही. स्वतःच्या पोटात रोज काय जातंय हे मला माहीत नव्हतं.

पुढे २०२५ मध्ये साखर वाढली, तेव्हा वजनाकडे पुन्हा लक्ष द्यावंच लागलं. या वेळी चार ठिकाणी नुसती चौकशी करून आले, कागद वाचले, प्रश्न विचारले आणि मग एक क्लिनिक निवडलं. मी डॉक्टर नाही. पण आधीच कुणी हे सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. प्रत्येक पायरीवर मनात एकच प्रश्न ठेवा: ही जागा दवाखाना आहे की दुकान?

१. जाण्याआधी घरी स्वतःची फाइल तयार करा

रिकाम्या हाताने गेलात की समोरचा सांगेल ती तुमची कहाणी होते. म्हणून आधी आपलं गणित आपण करा. वजन किलोमध्ये घ्या, त्याला उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागा, बीएमआय मिळतो. माझा ८८ भागिले १.५७ गुणिले १.५७, म्हणजे ३५.७ होता. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्या अंगात पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून हा फरक. कंबरही मोजा. बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही धोक्याची खूण.

फाइलमध्ये हे असू द्या:

- ओळखपत्र आणि आरोग्य विम्याची प्रत
- गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट, जुने ईसीजी, सोनोग्राफी
- चालू औषधांची यादी, डोससकट. आयुर्वेदिक काढे, प्रोटीन पावडर, गर्भनिरोधक गोळ्याही त्यात लिहा
- आधीची आजारपणं आणि ऑपरेशन: पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड, पीसीओडी, किडनी, नैराश्य
- घरातले आजार. यात थायरॉइडचा कॅन्सर कुणाला झाला होता का, हे नक्की विचारून घ्या. इंजेक्शनच्या पायरीवर ही माहिती लागेल
- गेल्या दहा वर्षांत वजन कसं वाढत गेलं, त्याच्या चार ओळी

शेवटची गोष्ट लोक करत नाहीत, पण तिचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. बाळंतपणानंतर १२ किलो आणि २०१९ मध्ये दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असताना ७ किलो, हे कागदावर उतरल्यावर डॉक्टरांनी तिथूनच बोलायला सुरुवात केली.

२. भिंतीवर काय टांगलंय ते वाचा

रिसेप्शनमध्ये बसायला लागतंच, तेवढ्या वेळात उठून भिंतीवरच्या चौकटी वाचा. पहिल्या क्लिनिकमध्ये तीन सोनेरी चौकटी होत्या आणि मी त्या बघून भारावले होते. आता अर्थ कळतो. एक होता गुमास्ता, म्हणजे दुकान आणि आस्थापना कायद्याखालची नोंद. तो किराणा दुकानालाही असतो, त्याचा उपचारांशी काही संबंध नाही. दुसरं आयएसओ ९००१. ते कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे; डॉक्टर किती जाणकार आहेत, औषध किती सुरक्षित आहे, यांतलं ते काहीच सांगत नाही. तिसरा कुठल्याशा सोहळ्यात मिळालेला पुरस्कार.

खरं काय पाहायचं? जिथे पेशंट भरती होतात, बॅरिॲट्रिक (वजन घटवण्याचं) ऑपरेशन किंवा लायपोसक्शन (चरबी ओढून काढणं) होतं, त्या जागेची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ खाली नोंद लागते. शहरात ती महानगरपालिका करते, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक. २०२१ मध्ये या नियमांत सुधारणा झाली आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं अशा रुग्णालयांना बंधनकारक झालं. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं मानांकन असेल तर उत्तमच. ते ऐच्छिक असतं, पण तपासणी होऊन मिळतं. रक्त कुठल्या लॅबला जातं आणि तिला एनएबीएल (लॅबच्या दर्जाचं मानांकन) आहे का, हेही विचारून ठेवा.

एक मेख मात्र आहे. ज्या क्लिनिकमध्ये खाटाच नाहीत, फक्त तपासणी आणि औषध मिळतं, ते या शुश्रूषागृह कायद्यात येत नाही. वजनाची बहुतेक क्लिनिकं याच प्रकारची. म्हणजे जागेच्या नोंदीवर विसंबून चालत नाही, माणसाची नोंद पाहावी लागते.

खाटा नसल्या तरी एक परवानगी मात्र लागतेच. सुया वापरणाऱ्या छोट्यातल्या छोट्या दवाखान्यालाही जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. "कचरा कोण नेतं तुमचा?" एवढं रिसेप्शनवर सहज विचारा. नीट चाललेल्या ठिकाणी गाडी कधी येते हे कंपाउंडरलाही माहीत असतं.

३. तुम्हाला तपासणारा माणूस कोण आहे?

पांढरा कोट कुणालाही घालता येतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येतं. आता काउन्सिलचा क्यूआर कोडही आहे, मोबाइलने स्कॅन केला की नोंदणी चालू आहे की संपलीय ते कळतं. आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर व पावतीवरही छापायचा असतो. माझ्या पहिल्या पावतीवर क्लिनिकचा चकचकीत लोगो होता, डॉक्टरांचं नाव नव्हतं.

विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटला. मी एवढंच म्हणाले, "डॉक्टर, माझ्या फाइलमध्ये तुमचा रजिस्ट्रेशन नंबर लिहून ठेवते, विम्याला लागतो." चारपैकी तिघांनी लगेच सांगितला. चौथ्या ठिकाणी "मॅडम, एवढा अविश्वास?" असं उत्तर आलं. तिथून मी उठले.

आहारतज्ज्ञांचंही शिक्षण विचारा. आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियन ही पात्रता असेल तर भरवसा ठेवावा. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली व्यक्तीही स्वतःला न्यूट्रिशनिस्ट म्हणवते. शिवाय त्यांच्या प्रश्नांवरून बरंच काही कळतं. पहिल्या ठिकाणी मला छापील कागद मिळाला होता: ॲव्होकाडो, ब्रोकोली, किन्वा. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी आधी विचारलं, घरात पोळी की भाकरी, तेलाचा डबा किती दिवस जातो, उपास कोणकोणते धरता. मी संकष्टी आणि गुरुवार दोन्ही धरते. त्या दोन दिवशी साबुदाण्याच्या खिचडीने आठवडाभराची मेहनत कशी वाया जाते, ते त्यांनी वाटी-चमच्याच्या हिशेबात दाखवलं. उपास सोडायला लावला नाही; ताक, राजगिरा आणि दाण्याचं माप बसवून दिलं.

आणि काउन्सेलर म्हणजे डॉक्टर नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती व्यक्ती विक्रीसाठीच नेमलेली असते. तिच्याशी छान बोला, पण डॉक्टरांनी तपासेपर्यंत पैशांचं बोलणं करू नका.

४. पहिल्या भेटीत तपासणी खरोखर होते का?

इथे दोन साध्या वस्तूंकडे बघा, क्लिनिकची परीक्षा तिथेच होते.

पहिली, बीपीचा पट्टा. दंड जाड असेल आणि पट्टा नेहमीच्या मापाचा असेल, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. जिथे रोज जाड माणसं येतात तिथे मोठ्या मापाचा पट्टा हवाच. पहिल्या क्लिनिकमध्ये माझ्या दंडावर पट्टा पुरला नाही, तर तिथल्या मुलीने तो हाताने दाबून धरला आणि १५० वर ९६ लिहून टाकलं. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरनी आधी दंडाला टेप लावून मोजलं, खणातून मोठा पट्टा काढला, मला पाच मिनिटं शांत बसवलं. बीपी १३२ वर ८४ आलं. पहिल्या ठिकाणचा तो आकडा बघून मी उगाच घाबरले होते आणि त्याच भीतीच्या भरात पैसे भरले होते.

दुसरी, वजनकाटा. तो सपाट, टणक फरशीवर असावा, गालिच्यावर नको. दीडशे-दोनशे किलोपर्यंत मोजणारा असावा. प्रत्येक वेळी त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी, चपला काढून वजन व्हावं. चरबी आणि स्नायू दाखवणारं मशीन असतं त्याचा आकडा अंगातल्या पाण्यावर हलतो; जेवून, व्यायाम करून किंवा पाळीच्या दिवसांत केलेल्या मोजणीवर फार विसंबू नका.

नीट डॉक्टर औषध लिहिण्याआधी निदान उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी आणि हिमोग्लोबिन बघतात. गरजेप्रमाणे ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, बी१२ आणि ड जीवनसत्त्व. तरुण स्त्रीला गरोदरपणाबद्दल विचारलं जातं. झोपेत घोरणं, मध्येच श्वास अडकणं, मन उदास राहणं, हेही विचारलं पाहिजे. रिपोर्ट यायच्या आत औषध हातात पडत असेल तर थांबा.

५. नाव नसलेलं औषध घेऊ नका

या पायरीवर माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे. पुडीतली, डबीतली, लेबल नसलेली कुठलीही गोळी, कॅप्सूल, पावडर घेऊ नका, मग ती देणारा कितीही भला वाटो.

कारण त्यात काय असू शकतं ते ऐका. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते जगभर पुन्हा पुन्हा सापडत आलंय. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या की दोन दिवसांत दोन किलो उतरतात, पण ते पाणी असतं, चरबी नाही, आणि सोबत पोटॅशियम जातं. जुलाबाच्या औषधाचंही तसंच. थायरॉइड ठीक असलेल्या माणसाला थायरॉक्सिन दिलं की वजन घटतं, त्याबरोबर धडधड सुरू होते आणि हाडं झिजतात. माझ्या कॅप्सूलमध्ये यातलं काय होतं, ते आता कधीच कळणार नाही.

योग्य पद्धत अशी: डॉक्टर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहितात, तुम्ही ते कुठल्याही मेडिकलमधून घेऊ शकता, आणि बिलावर बॅच नंबर व मुदत छापलेली असते. "आमच्याकडेच मिळतं, बाहेर मिळणार नाही" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

जाहिरातीचंही सांगते. औषधाने लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव स्पष्ट आहे. रिक्षाच्या पाठीवर "हमखास १५ किलो" लिहिणाऱ्याने पहिलाच नियम मोडलेला असतो.

६. इंजेक्शनची खोली नीट बघा

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड (माउंजारो) आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड (वेगोवी) ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली आणि वजनाच्या क्लिनिकांचं चित्रच बदललं. औषधं खरी आहेत, गुणही येतो, मला आला. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची औषधं आहेत. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यामुळे दुकानात नवनव्या नावांची पेनं (पेनाच्या आकाराची इंजेक्शनं) दिसली की नावाखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषध वाचा.

माउंजारो सुरुवातीला काचेच्या छोट्या बाटलीत, म्हणजे वायलमध्ये आलं. एका वायलमध्ये एकच डोस असतो, अर्धा मिलिलिटर. पेनमध्ये महिन्याचे चार डोस असतात. यातून दोन सापळे तयार होतात आणि दोन्ही मी चौकशी करताना पाहिले. एका ठिकाणी फ्रिजमधून आधीच भरलेली सिरिंज आणून टोचत होते. तीत काय आहे, किती आहे, कधी भरलंय, कुणालाच दिसत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी एका पेनमधून चार पेशंटना "परवडेल असा सिंगल डोस" देत होते, सुई बदलून. सुई बदलली तरी आधीच्या माणसाच्या रक्ताचा अंश पेनच्या आत मागे जाऊ शकतो आणि कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही पसरू शकतो. पेन एका माणसाचं, फक्त त्याचंच.

मी निवडलेल्या क्लिनिकमधला पहिला दिवस सांगते. सिस्टरनी खोकं माझ्या हातात दिलं, "नाव आणि तारीख वाचा" म्हणाल्या. मी मोठ्याने वाचली. सील माझ्यासमोर फोडलं. वायल उजेडात धरून दाखवली, आत स्वच्छ, कण नाहीत. हात धुतले, नवी सिरिंज पाकिटातून काढली, २.५ मिलिग्रॅमचा डोस पोटावर बेंबीपासून दोन बोटं लांब दिला. सुईवर टोपण परत न बसवता ती थेट पांढऱ्या, जाड, अर्धपारदर्शक डब्यात टाकली. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया अशाच न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. नंतर रिकामं खोकं मला दिलं आणि बॅच नंबर केसपेपरवर लिहिला. पुढचे डोस घरी स्वतः घ्यायला शिकले, तरी तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे.

डोसची घाई करणाऱ्याकडे जाऊ नका. टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू होतं आणि निदान चार आठवडे तिथेच राहतं, मग ५. सेमाग्लुटाइड ०.२५ ने सुरू होतं. "लग्न महिन्यावर आलंय, जास्त देऊ" म्हणणारा डॉक्टर तुम्हाला उलट्यांनी अंथरुणाला खिळवील.

थंडाव्याचाही प्रश्न आहे. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवतात, गोठू द्यायची नाहीत. गोठलेलं औषध पुन्हा वापरत नाहीत. क्लिनिकच्या फ्रिजमध्ये तापमान दाखवणारं यंत्र आणि रोजची नोंदवही असावी. औषधांच्या शेजारी कुणाचा डबा आणि कोल्ड्रिंकची बाटली दिसली तर त्या फ्रिजवर विश्वास ठेवू नका. चैत्र-वैशाखात घरी नेताना बर्फाची पिशवी आणि थर्मोकोलचा डबा घ्या, पण खोकं बर्फाला थेट टेकवू नका.

आणि हे डॉक्टरांनी न विचारता राहून गेलं तर तुम्ही सांगा: स्वतःला किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर, स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेली, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर आलेला परिणाम, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असणं, बाळाचा विचार. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि डोस वाढवताना दुसरी सोय लागते. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधी सांगा. पोट हळू रिकामं होतं.

७. मशीनवाले उपचार

चरबी गोठवणं, कंपनाचे पट्टे, घाम आणणारी पांघरुणं. यांतलं काहीही किलोंनी वजन उतरवत नाही. चरबी गोठवण्याचं तंत्र एखाद्या ठिकाणचा छोटा फुगवटा थोडा कमी करण्यासाठी आहे आणि क्वचित तिथे चरबी उलट वाढून घट्ट होते. तेच मोठ्या वजनघटीचा उपाय म्हणून दाखवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये एका नामांकित कंपनीला तीन लाखांचा दंड केला. यापेक्षा जास्त वेळ या पायरीवर घालवू नका.

८. पैसे आणि सह्या

पहिल्या दिवशी पूर्ण पॅकेज भरू नका. दर भेटीला पैसे देता येतात का ते विचारा. जिथे येतात तिथे डॉक्टरांना तुम्ही परत येण्याची गरज असते. "आजच भरलं तर निम्मी सूट" ही दुकानाची भाषा. बिनव्याजी हप्ते म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तकंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. उपचार थांबले तरी हप्ता थांबत नाही. माझे चार हप्ते कॅप्सूल सोडल्यावर गेले.

पावती मागा आणि ती वाचा. आजारावरच्या वैद्यकीय उपचारांना जीएसटी माफ आहे, स्लिमिंग आणि सौंदर्यसेवांना तो लागतो. बिलावर जीएसटी दिसला तर ती जागा कागदोपत्री स्वतःला काय समजते हे कळतं.

संमतीपत्र मराठीत मागा. इंग्रजीत असेल तर घरी नेऊन कुणाकडून तरी समजून घ्या. "पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत" आणि "आधीचे-नंतरचे फोटो वापरण्यास परवानगी" या दोन ओळी खाली बारीक अक्षरात असतात. फोटोची ओळ मी पेनाने खोडून शेजारी सही केली. कुणी अडवलं नाही. ऑपरेशनकडे वळत असाल तर विमा कंपनीशी आधी बोला. बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत मधुमेहासारखा गंभीर त्रास, ही साधारण त्यांची अट असते.

९. उपचार सुरू झाल्यावर

पहिल्या महिन्यात एकदा तरी डॉक्टरांशी समोरासमोर भेट हवी, आणि रात्री-अपरात्री लागला तर एक फोन नंबर. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बरा. त्याहून फार भराभर उतरलं की पित्ताचे खडे, केसगळती, स्नायू झिजणं मागे लागतं. म्हणून दर भेटीत नुसतं वजन नाही, कंबर, बीपी, जेवणातलं प्रथिन आणि ताकदीचा व्यायामही विचारला जायला हवा. ८०० कॅलरींच्या आतला आहार डॉक्टरांच्या नजरेखाली नसेल तर धरू नका.

मळमळ, बद्धकोष्ठ, ढेकर हे इंजेक्शनवर होतंच, बहुधा सावरतं. पण पुढचं काही झालं तर क्लिनिकच्या फोनची वाट बघू नका, जवळचं रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा:

- पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ
- उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा डोळे पिवळे
- पाणीही पोटात न राहणं, लघवी कमी होणं
- छातीत धडधड, घेरी, दरदरून घाम
- अचानक नजर अंधुक होणं
- जगणं नको वाटण्याचे विचार

थांबवायचं कधी आणि कसं, हे सुरू करतानाच विचारा. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात, कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. ज्या डॉक्टरांनी मला हे पहिल्याच भेटीत, मी न विचारता सांगितलं, त्यांच्याकडेच मी राहिले.

१०. काही बिनसलं तर

आधी आपली कागदपत्रं मागा, लेखी, तारीख घालून. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात. मग तक्रार कशाची आहे त्यावर दार ठरतं. औषधाचा त्रास झाला तर औषधदक्षता कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, तिथे पेशंटही स्वतः नोंद करू शकतो. बनावट किंवा बिनलेबलचं औषध असेल तर अन्न व औषध प्रशासन, १८००-२२२-३६५. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. पैसे आणि फसव्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

आणि उरलेलं औषध फेकू नका. रिकामी पुडी, डबी, वायल, खोकं, सगळं एका पिशवीत घाला, वर तारीख लिहा, कोरड्या जागी ठेवा. त्या रात्रीनंतर मी घाबरून उरलेल्या अकरा कॅप्सूल संडासात टाकल्या आणि पाणी ओतलं. आठ दिवसांनी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले, तिथले साहेब शांतपणे ऐकून घेत होते, वहीत लिहीत होते. त्यांनी विचारलं, "नमुना आणलाय का?"